हेअरवुडचे सातवे अर्ल: मराठी लेखात अडलेल्या चार जागा

नोंदवही

हेअरवुडचे सातवे अर्ल (ब्रिटिश सरदारकीची एक पदवी) जॉर्ज लॅसेल्स (१९२३–२०११) यांच्यावर ज्ञानकोशासाठी मराठी लेख लिहायला घेतला आहे. पाचव्या जॉर्जचा पहिला नातू, राणी एलिझाबेथचा चुलतभाऊ, जर्मनीतल्या कोल्डित्झ किल्ल्यातला युद्धकैदी, पुढे ऑपेराचा माणूस आणि लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. ऐवज भरपूर आहे, पण मसुदा चार ठिकाणी अडलाय.

१. राजाच्या सख्ख्या मुलीचा मुलगा असून प्रिन्स कसा नाही? मी "प्रिन्स जॉर्ज" लिहून बसले आहे.
२. एकाच माणसाला कुठे लॉर्ड लॅसेल्स, कुठे व्हायकाउंट, कुठे लॉर्ड हेअरवुड म्हटलंय. कोणत्या वर्षी काय लिहायचं?
३. १९६७ सालचं दुसरं लग्न अमेरिकेत जाऊन का केलं? राणीची परवानगी होती की नव्हती?
४. मुलगे चार, पण सर्वात धाकट्याला पदवीच्या वारसांत कुठेच धरत नाहीत. का?

कोल्डित्झ आणि संगीत या भागांतही काही खटकलं तर सांगा.

---

वंशवेल

चार प्रश्नांच्या आधी पाचवी चूक: "चुलतभाऊ". इंग्रजीत कझिन म्हटलं की सगळे एकाच पोत्यात जातात, आपल्याकडे ते चालत नाही. जॉर्जची आई प्रिन्सेस मेरी आणि एलिझाबेथचे वडील सहावे जॉर्ज ही सख्खी भावंडं. म्हणजे हा तिचा आतेभाऊ आणि ती याची मामेबहीण. आठवे एडवर्ड आणि सहावे जॉर्ज, दोन्ही राजे याचे सख्खे मामा. अर्ल ऑफ अ‍ॅथलोन कॅनडाचे गव्हर्नर जनरल असताना १९४५–४६ मध्ये हा त्यांचा एडीसी (दिमतीचा लष्करी सहायक) होता. ते राणी मेरीचे भाऊ, म्हणजे याच्या आईचे मामा.

चुलत नातं हवंच असेल तर ते सर अ‍ॅलन लॅसेल्सशी आहे. १९४३ ते १९५३ राजाचे आणि मग राणीचे खासगी सचिव, तेच. जॉर्जच्या वडिलांचे ते सख्खे चुलतभाऊ, म्हणजे जॉर्जचे चुलतकाका. हा फरक लेखात ठसठशीत ठेवा, कारण राजवाड्याच्या कागदपत्रांत नुसतं "लॅसेल्स" आलं की बहुतेक वेळा ते अ‍ॅलन असतात आणि वाचणारा ते जॉर्जच्या खात्यावर टाकतो. (अवांतर: हे अ‍ॅलन महाशय १९१९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे एडीसी होते.)

आता प्रश्न पहिला. आईकडचं आणि बापाकडचं वेगळं केलं की गुंता सुटतो. राजघराण्याशी जे काही आहे ते आईकडून आलं, पदवी आणि जमीन बापाकडून, आणि दोहोंचे नियम वेगळे. पाचव्या जॉर्जने ३० नोव्हेंबर १९१७ च्या फर्मानाने ठरवून टाकलं की प्रिन्स-प्रिन्सेस कोण: राजाची मुलं, राजाच्या मुलग्यांची मुलं, आणि प्रिन्स ऑफ वेल्सच्या थोरल्या मुलाचा हयात थोरला मुलगा. मुलीची मुलं यात नाहीत. त्यामुळे एलिझाबेथ जन्मतः प्रिन्सेस आणि तिच्याआधी तीन वर्षं जन्मलेला तिचा आतेभाऊ नुसता "ऑनरेबल" (सरदारांच्या मुलांच्या नावामागे लावायचा मानाचा शब्द). "प्रिन्स जॉर्ज" सरळ खोडा. ते राहू दिलं तर धाकटे मामा, ड्यूक ऑफ केंट, यांच्याशीही गल्लत होईल. त्यांचं नाव तेच.

मात्र राजगादीच्या क्रमातून आईकडचं रक्त वगळलं जात नाही. ७ फेब्रुवारी १९२३ ला जन्मला तेव्हा तो सहावा होता: चार मामा, मग आई, मग तो. त्या काळी मुलगे वयाने लहान असले तरी बहिणीच्या पुढे. म्हणून १८९७ ची मेरी १९०० च्या हेन्रीच्या आणि १९०२ च्या जॉर्जच्या मागे. १९२६ ला एलिझाबेथ आली तसा तो सातवा झाला, १९३० ला मार्गारेट आली तसा आठवा. लेखात "सहावा" लिहाल तिथे "जन्माच्या वेळी" हे शब्द असलेच पाहिजेत.

या क्रमामुळे एक खरं कामही त्याच्या वाट्याला आलं. १९३७ च्या रीजन्सी कायद्यानुसार राजा परदेशी गेला की त्याच्या वतीने कागदांवर सह्या करायला "काउन्सेलर ऑफ स्टेट" लागतात: जोडीदार, आणि क्रमातले पुढचे चार प्रौढ. प्रिन्स नसलेला हा माणूस तरुणपणीच त्या यादीत होता. मराठीत "राज्य सल्लागार" करू नका. सल्ला देणं हे त्यांचं काम नव्हे, ते राजाच्या जागी सही करतात. "राजप्रतिनिधी सदस्य" जवळचं आहे, किंवा मूळ शब्द ठेवा आणि एका वाक्यात काम सांगा.

---

दप्तरदार

दुसऱ्या प्रश्नाला तीन तारखा पुरतात.

जन्मापासून ६ ऑक्टोबर १९२९ पर्यंत ऑनरेबल जॉर्ज लॅसेल्स. त्या दिवशी आजोबा, पाचवे अर्ल, वारले. वडील सहावे अर्ल झाले आणि थोरला मुलगा म्हणून हा व्हायकाउंट (अर्लच्या खालची पायरी) लॅसेल्स. २४ मे १९४७ ला वडील गेले, तिथून पुढे अर्ल ऑफ हेअरवुड. बोलताना-लिहिताना व्हायकाउंटला लॉर्ड लॅसेल्स म्हणतात आणि अर्लला लॉर्ड हेअरवुड. माणूस एकच, वर्षं वेगळी. म्हणून कोल्डित्झचा कैदी व्हायकाउंट लॅसेल्स, आणि १९५० मध्ये "ऑपेरा" मासिक काढणारा लॉर्ड हेअरवुड. "कोल्डित्झमध्ये असलेले अर्ल ऑफ हेअरवुड" हे वाक्य चुकीचं. तेव्हा अर्ल त्याचे वडील होते.

मधली व्हायकाउंट पदवी सौजन्याची. खरी मालकी बापाचीच, मुलाला वापरायला दिलेली. कायद्याच्या लेखी तो १९४७ पर्यंत सामान्य नागरिकच, लॉर्ड्सच्या सभागृहात बसायचा हक्क नाही. तो हक्क मिळाला अर्ल झाल्यावर, आणि १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांबरोबर गेला.

"लॉर्ड जॉर्ज" असं कुठेही लिहू नका. लॉर्डच्या पुढे पाळण्यातलं नाव लावणं हा ड्यूक आणि मार्क्विस यांच्या धाकट्या मुलग्यांचा प्रकार. अर्लच्या धाकट्या मुलाला तेही नाही. जॉर्जचा धाकटा भाऊ जेराल्ड जन्मभर ऑनरेबलच राहिला.

अर्लला मराठीत "जहागीरदार" किंवा "राजे" करण्याचा मोह होईल. आवरा. जहागिरीला मुलूख आणि वसूल चिकटलेला असतो. अर्ल ही १८१२ साली मिळालेली पदवी, तिच्यासोबत एक गुंठाही येत नाही. जमीन घराण्याने आधीच विकत घेतलेली होती.

आणि उच्चार. लॅसेल्स नाही, लॅसल्स. भार पहिल्या अक्षरावर, मधला स्वर जवळजवळ गिळलेला. हेअरवुडचं जरा गमतीचं आहे: घराण्याच्या पदवीचा जुना उच्चार "हारवुड", गावाचा "हेअरवुड". शीर्षकात हेअरवुड ठेवा, वाचक तेच शोधणार. पहिल्या परिच्छेदात उच्चाराची एक ओळ द्या.

तिसरा प्रश्न. परवानगी होती. तरीही अमेरिकेत जावं लागलं, कारण अडथळे दोन होते आणि राणीच्या परवानगीने त्यातला एकच दूर होत होता.

पहिला अडथळा १७७२ चा राजविवाह कायदा. तिसऱ्या जॉर्जच्या भावाने १७७१ मध्ये परस्पर लग्न उरकलं, त्या रागातून आलेला. दुसऱ्या जॉर्जच्या सर्व वंशजांना राजाची संमती लागेल, नाहीतर लग्न मुळातच रद्दबातल. सूट फक्त परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांच्या मुलाबाळांना. मेरीने १९२२ मध्ये यॉर्कशरच्या घरात लग्न केलं, त्यामुळे तिची मुलं सुटली नाहीत. तिला एखाद्या जर्मन राजपुत्राला दिली असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. संमती तोंडी चालत नाही: प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) बैठकीत जाहीर व्हायची, त्यांच्या वहीत नोंदायची, राजमुद्रेखाली निघायची. पंचविशी ओलांडलेल्याला आणखी एक वाट होती. कौन्सिलला नोटीस द्या, बारा महिने थांबा, आणि तेवढ्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर लग्न करा.

१९४९ चं पहिलं लग्न, पियानोवादक मॅरिअन स्टाइन हिच्याशी, सहाव्या जॉर्जच्या संमतीने लंडनच्या चर्चमध्ये झालं. घटस्फोट १९६७ चा. दुसरी वधू पॅट्रिशिया टकवेल, ऑस्ट्रेलियन व्हायोलिनवादक. आता राणी पडली चर्च ऑफ इंग्लंडची प्रमुख, आणि ते चर्च पहिला जोडीदार हयात असताना घटस्फोटितांचं लग्न लावत नव्हतं. तिने स्वतःच्या मनाने संमती दिली असती तरी बोभाटा, नाकारली असती तरी बोभाटा. मार्ग निघाला तो घटनेतला: राणीने संमती द्यावी असा सल्ला पंतप्रधान विल्सन यांच्या सरकारने दिला, आणि मंत्र्यांचा सल्ला राणी मानते.

उरला दुसरा अडथळा. चर्च नाही तर नोंदणी विवाह करावा, पण इंग्लंडमध्ये नोंदणी विवाहाच्या १८३६ च्या कायद्यातून राजघराणं वगळलेलं होतं आणि १९४९ च्या विवाह कायद्यानेही ती तरतूद चालू ठेवली, असाच अर्थ तेव्हा लावला जाई. म्हणजे देशात लग्नाला जागाच नाही. म्हणून ३१ जुलै १९६७ ला कनेक्टिकटमधल्या न्यू केनन इथे लग्न. २००५ मध्ये चार्ल्सचं नोंदणी लग्न विंडसरला होऊ शकलं, कारण सरकारने त्याच कायद्याचा अर्थ नव्याने लावला.

"राणीने हाकललं" या धर्तीचं काही लिहिलं असेल तर काढा. पदवी गेली नाही, क्रमातली जागाही गेली नाही. दरबारी वर्तुळात काही वर्षं गारठा होता, तेवढं एक वाक्य पुरे. १७७२ चा कायदा २०१३ च्या वारसा कायद्याने रद्द झाला. तो लागू झाला २६ मार्च २०१५ ला, आणि आता क्रमातल्या पहिल्या सहांनाच संमती लागते.

---

नोंदवही

दप्तरदार, वंशवेल, दोघांचेही आभार. आतेभाऊ केलं, लॅसल्सही केलं. दप्तरदार, चौथा प्रश्न तुमच्याच खात्यातला दिसतो. धाकट्या मुलाच्या जन्माचं वर्ष १९६४ आणि आईवडिलांचं लग्न १९६७, यात काही आहे का?

---

दप्तरदार

त्यातच आहे. पदवीच्या सनदेत "विधिवत जन्मलेले पुरुष वारस" अशा अर्थाची शब्दयोजना असते. मूल जन्मलं तेव्हा आईवडिलांचं एकमेकांशी लग्न झालेलं हवं. नंतरच्या लग्नाने मूल औरस ठरवण्याची सोय इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने आली, पण जन्मावेळी आईबापांपैकी कोणी दुसऱ्याशी विवाहबद्ध असेल तर ती लागू नव्हती. ती अट १९५९ मध्ये गेली. म्हणून १९६४ चा मुलगा १९६७ च्या लग्नाने औरस झाला. मालमत्ता, नाव, सगळं मिळू शकतं. पदवी आणि राजगादीचा क्रम मात्र या सोयीतून वगळलेले आहेत.

लेखात "अनौरस" हा शब्द वापरू नका, तो १९६७ नंतर कायद्यानेही खरा नाही. "आईवडिलांच्या विवाहापूर्वी जन्म झाल्याने पदवीच्या वारसक्रमात नाही" एवढं नेमकं लिहा.

हाच नियम पुढच्या पिढीत आणखी ठळक दिसतो. आठव्या अर्लची (जॉर्जच्या थोरल्या मुलाची) पहिली दोन मुलं त्याच्या १९७९ च्या लग्नाआधीची. त्यात थोरला मुलगाही आहे, तरी पदवीचा वारस आहे तो १९८० मध्ये जन्मलेला धाकटा. स्कॉटलंडची पदवी असती तर गणित उलटलं असतं. तिथल्या कायद्यात नंतरच्या लग्नाने औरस झालेलं मूल पदवीही घेऊ शकतं.

---

पडद्यामागे

संगीत आणि कोल्डित्झवर माझे चार पैसे.

कोल्डित्झ. १८ जून १९४४ ला इटलीत ग्रेनेडियर गार्ड्सबरोबर लढताना जखमी होऊन पकडला गेला. कोल्डित्झमध्ये "प्रॉमिनेन्टे" म्हणून वेगळ्या पहाऱ्यात ठेवलेले काही कैदी होते, ज्यांचं नातंगोतं सौद्यात वापरता येईल असे. त्यात जॉन एल्फिन्स्टन हाही होता. सहाव्या जॉर्जच्या राणीच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आपल्या हिशेबाने जॉर्जच्या मामीचा भाचा. (मुंबईकरांसाठी: हे तेच एल्फिन्स्टन घराणं, ज्यातले माउंटस्टुअर्ट आणि पुढे तेरावे लॉर्ड मुंबईचे गव्हर्नर होते. प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव त्या लॉर्डसाहेबांचं.)

इथे नेहमीची चूक अशी की "अमेरिकन सैन्याने कोल्डित्झहून सुटका केली" असं लिहितात. अमेरिकन तिथे १६ एप्रिल १९४५ ला पोचले, पण या मंडळींना दोन-तीन दिवस आधीच रात्री बसमध्ये घालून दक्षिणेला हलवलं होतं. हिटलरकडून त्यांना ठार मारण्याचा हुकूम होता. एसएसचा जनरल गॉटलोब बर्गर याने तो न पाळता त्यांना स्विस प्रतिनिधींच्या हवाली केलं. तेव्हा सुटका मे महिन्यात, आणि कोल्डित्झच्या दारात नव्हे.

आता हुद्दे. "डायरेक्टर" या शब्दाने अनेक लेखांचा घात केलाय. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात १९५१–५३ ला तो संचालक मंडळाचा सदस्य होता, १९५३ ते ६० तिथे नोकरीला, आणि १९६९–७२ पुन्हा मंडळावर. "कॉव्हेंट गार्डनचा संचालक" लिहिलंत तर थिएटर तो चालवत होता असं वाटेल. ते डेव्हिड वेबस्टर चालवत होते. एडिंबरो महोत्सवाचा मात्र १९६१ ते ६५ तो खराखुरा कलासंचालक. कार्यक्रम ठरवणं, कलाकार बोलावणं, सगळं त्याच्याकडे. १९६३ च्या महोत्सवात एम. एस. सुब्बुलक्ष्मी, बालासरस्वती, रविशंकर आणि अली अकबर खाँ होते. मराठी वाचकासाठी ही ओळ हवीच.

१९७२ मध्ये तो ज्या संस्थेचा व्यवस्थापकीय संचालक झाला तिचं नाव तेव्हा सॅडलर्स वेल्स ऑपेरा. "इंग्लिश नॅशनल ऑपेरा" हे नाव १९७४ पासूनचं. तो तिथे १९८५ पर्यंत. लीड्सला १९७८ मध्ये त्याच संस्थेची उत्तरेकडची शाखा निघाली, ती १९८१ मध्ये स्वतंत्र होऊन ऑपेरा नॉर्थ झाली. माझ्या मते त्याचं सर्वात टिकाऊ काम हेच, आणि बहुतेक लेखांत ते शेवटच्या परिच्छेदात कोंबलेलं असतं.

संगीतकार बेंजामिन ब्रिटनबद्दल: १९४९ च्या लग्नासाठी त्याने खास वृंदगीत रचलं, आणि एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने केलेला "ग्लोरिआना" (८ जून १९५३) हा ऑपेरा जॉर्जशी झालेल्या गप्पांतून सुचलेला. ब्रिटनचा मॅरिअनशीही घट्ट स्नेह; घटस्फोटानंतर त्याने जॉर्जशी संबंध तोडले. दरबारच्या गारठ्यापेक्षा हा दुरावा त्याच्या कामाला जास्त भोवला असणार, असं माझं मत.

लीड्स युनायटेडचा "अध्यक्ष" हाही सापळा. १९६१ पासून अखेरपर्यंत तो प्रेसिडेंट, म्हणजे मानद. क्लबचा कारभार पाहतो तो चेअरमन. "मानद अध्यक्ष" लिहा. फुटबॉल असोसिएशनच्या अध्यक्षपदाचंही तेच. त्याच्या आधी तिथे त्याचा मामा हेन्री (ड्यूक ऑफ ग्लॉस्टर) आणि नंतर मामेभाऊ केंट (धाकट्या मामांचा मुलगा, पुढचा ड्यूक). इंग्लंडने १९६६ ला विश्वचषक जिंकला तेव्हा मात्र पदावर हा होता.

---

वंशवेल

पैशांचा परिच्छेद मसुद्यात दिसला नाही, तो घाला. नाहीतर वाचकाला वाटेल ऑपेराची हौस राजवाड्याच्या खर्चाने चालली होती.

हेअरवुड हाउस १७५९ ते ७१ मध्ये बांधलं गेलं: जॉन कार आणि रॉबर्ट अ‍ॅडम यांचं काम, चिपेंडेलचं फर्निचर, कॅपेबिलिटी ब्राउनची बाग. पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. गुलामगिरी बंद झाल्यावर १८३० च्या दशकात दुसऱ्या अर्लला १,२७७ गुलामांपोटी सुमारे २६ हजार पौंड भरपाई मिळाली. भरपाई मालकाला, गुलामांना छदाम नाही, हे वाक्य वेगळं लिहा. आताचे अर्ल या इतिहासावर उघडपणे बोलतात. २०२३ मध्ये निघालेल्या "एअर्स ऑफ स्लेव्हरी" गटाच्या संस्थापकांत ते आहेत.

१९४७ ला वारसा हाती आला तो मृत्यूकरासकट. तेव्हा मोठ्या मालमत्तांवर वरच्या टप्प्याला ७५ टक्के कर होता. जमिनीचा मोठा हिस्सा विकावा लागला. १९७१ मध्ये चित्रकार टिशनचं "डेथ ऑफ अ‍ॅक्टिऑन" लिलावात काढलं, १६ लाख ८० हजार पौंडांना एका दलालाकडे गेलं. गेटी संग्रहालय ते अमेरिकेला नेणार होतं, पण निर्यात परवाना रोखला गेला, लोकवर्गणी जमली आणि १९७२ मध्ये नॅशनल गॅलरीने १७ लाख ६३ हजारांना घेतलं. मधला फरक दलालाच्या खिशात, अर्लच्या नव्हे. दोन आकडे एकत्र करू नका. घर आणि संग्रह १९८६ पासून धर्मादाय न्यासाकडे आहे.

---

नोंदवही

पहिलं वाक्य असं केलंय, बघा:

"जॉर्ज हेन्री ह्युबर्ट लॅसल्स, हेअरवुडचे सातवे अर्ल (७ फेब्रुवारी १९२३ – ११ जुलै २०११) हे ब्रिटिश ऑपेरा प्रशासक व संपादक होते. राजा पाचवे जॉर्ज यांचे एकुलते अपत्य प्रिन्सेस मेरी यांचे ते थोरले पुत्र, आणि राणी दुसरी एलिझाबेथ यांचे आतेभाऊ."

---

वंशवेल

"एकुलते अपत्य" नको, "एकुलती मुलगी". मेरीला पाच भाऊ होते. धाकटा जॉन १९१९ मध्ये वारला, म्हणून १९२३ च्या यादीत चार मामा. बाकी छापा.